जीभ दाखव

“पास की नापास, एवढंच सांगा आज्जी. उद्या बाटल्या भरायच्यात.”

तान्हूबाई ढेबे पेटीतली फ्रेम उजेडाकडं धरून माश्या बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “जीभ दाखव.”

“अं?”

“जीभ रं. काढ भाईर.”

ऋत्विजनं जीभ काढली. गुलाबी, स्वच्छ, दुधपित्या पोराची असावी तशी.

“नापास,” तान्हूबाई म्हणाल्या आणि फ्रेम हळूच पेटीत सोडली.

ऋत्विजच्या हातातला पेला तसाच राहिला. “आज्जी, तुम्ही एक थेंबही चाखला नाहीत!”

“तू तरी कुटं चाखलायस?”

…

हे झालं जावळीच्या खोऱ्यात, जांभळाच्या राईत. तिथं तान्हूबाईंच्या मधाच्या पेट्या आहेत, चाळीस वर्षांपासून. त्यांना हे काम कुणी शिकवलं नाही. विचारलं तर माश्यांकडं बोट दाखवतात.

ऋत्विज परदेशात जाऊन चव घेण्याचं शिक्षण घेऊन आला. असंही शिक्षण असतं. खोऱ्याच्या तोंडाशी त्यानं शेड घातली आणि मीड करू लागला. मीड म्हणजे मध आंबवून केलेली वाइन. त्याच्या मीडमध्ये जांभळाचा रस, आणि मध तान्हूबाईंचा, जांभळाच्याच मोहोराचा.

मध देताना त्यांनी एकच अट घातली होती. त्या हो म्हणतील तेव्हाच बाटलीला बूच.

दोन वर्षं त्या नाही म्हणाल्या. दोन्ही वर्षं त्यानं सगळी मीड ओतून दिली. गडी शब्दाचा पक्का, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहीन. यंदाही नाही म्हणाल्या तर शेडला कुलूप घालून पुण्याला परत जायचं, हे ठरवूनच तो आला होता. शेडची किल्ली खिशात होती.

…

“ही जीभ मी तीन वर्षं जपलीय, आज्जी. मिरची नाही, लसूण नाही, चहासुद्धा नाही. कशासाठी? चव कळावी म्हणून!”

“नवरीगत जपलीस म्हन की.”

“थट्टा नको. ऐका तरी.” त्यानं वही उघडली. “पहिल्या घोटाला मोहोराचा गंध. मध्ये पिकल्या फळाचा गोडवा. शेवट स्वच्छ. घशाला कुठंही ओरखडा नाही.”

“शेवटचं पुन्यांदा वाच.”

“घशाला कुठंही ओरखडा नाही.”

“मग ह्यात जांभूळ कुटं हाय?”

“दोन टन जांभूळ गेलंय यात!”

“गेलं आसंल. तू खाल्लंस का?”

…

“तुरट असतं,” ऋत्विज शेवटी म्हणाला. “जीभ बधिर होते. आमच्या कामात ते चालत नाही.”

मला अशी माणसं ठाऊक आहेत. पोहण्याची चार पुस्तकं वाचतील आणि पायाला ओल लागली की टॉवेल मागतील.

तान्हूबाई उठल्या. झाडाखालची टपोरी जांभळं ओंजळभर वेचली, पदराला पुसली. कमरेच्या पिशवीतनं चिमूटभर खडेमीठ काढून वर टाकलं आणि ओंजळ त्याच्यापुढं धरली.

“खा.”

“आज्जी, उद्या बाटल्या…”

“खा म्हनते न्हवं.”

पहिलं जांभूळ त्यानं काढा घ्यावा तसं तोंडात टाकलं. दुसरं थोडं थांबून. तिसऱ्याला त्यानं वही मिटून काखेत मारली, कारण हात कमी पडायला लागला. चौथ्यापासून तो ओंजळीतली काळी-काळी तेवढी निवडायला लागला.

“बी चोखून टाक. आशी काय थुकतोस, वैरी आसल्यागत!”

हनुवटीवरनं रस ओघळून पांढऱ्या शर्टावर आला. त्याला कळलंही नाही. मग घशाला पकड बसली, तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं.

“आता घे तुजी.”

ऋत्विजनं पेला उचलला. एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला.

…

“पाणी,” तो म्हणाला. “साखरेचं पाणी आहे हे.”



त्यानं उरलेली मीड मातीत ओतली. खिशातनं किल्ली काढून पेटीवर ठेवली. “तिसरं वर्षही गेलं, आज्जी. शेड तुम्ही घ्या. पेट्या ठेवायला होईल.”

“पेट्यांना आभाळ बरं हाय,” तान्हूबाई म्हणाल्या, आणि राईतल्या आपल्या झोपडीत गेल्या.

आत कोपऱ्यात गोधडी पांघरून काहीतरी बसलेलं होतं. त्यांनी गोधडी ओढली. निघाला काचेचा मोठा बुधला. त्यातलं वाटीभर काढून त्या बाहेर आल्या. शाईसारखं काळं-जांभळं, जरा गढूळ.

“ह्ये बघ जरा.”

गढूळ म्हटल्यावर ऋत्विजच्या कपाळाला सवयीनं आठी पडली. तरी त्यानं वाटी तोंडाला लावली.

आधी मोहोर आला, चैत्रातला, माश्यांच्या आवाजासकट. मग फळ. मग घशाला पकड बसली, मघाशी जांभळानं बसवली होती तिथंच. आणि ती पकड सुटता सुटता, अगदी सावकाश… पुन्हा गोड.

“आई गं!”

एवढ्यानं ओरडला की जवळच्या पेटीतल्या माश्या उठल्या.

“कुणी केलंय हे? आज्जी, नाव सांगा! मी त्याच्या पायाशी बसून शिकायला तयार आहे!”

“मग बस की सोताच्याच पायाशी.”

“म्हणजे?”

“तुजंच हाय. गेल्या साली एक बुधला साली-बियांसकट र्‍हायला व्हता. वास घेतलास आन् ‘नासलं, ओता’ म्हनालास. तुज्या गड्याला म्या म्हनलं, ओत की, पर माज्या दारात आनून ओत.”

ऋत्विजनं काखेतली वही काढली. गेल्या सालची पानं उलटली. एका पानावर त्याचं बोट थांबलं. त्याचंच अक्षर. बुधला क्रमांक सात. दोष: तुरटपणा. निकाल: फेकून देणे.

तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला, जांभळं सांडली होती त्यांच्यातच. वहीच्या त्या पानावर जांभळा अंगठा उमटला.

“आणि शेडमधली टाकी? ती भरून आहे, आज्जी. दोन हजार बाटल्यांची.”

“झाडाला जांभळं हायत. तुला हात हायत.”

“साली-बियांसकट टाकू? आणि पुन्हा मुरायला ठेवू?”

“मला काय इचारतोस? जीभ कुनाची हाय?”

ऋत्विज उठला. पेटीवरची किल्ली उचलून खिशात घातली. झोपडीच्या दाराशी पडलेली पाटी डोक्यावर घेतली आणि झाडाकडं निघाला. पाच पावलांवर थांबला, वळला.

“आणि हा बुधला? हा पास?”

तान्हूबाईंनी वाटीच्या तळाशी राहिलेल्यात बोट बुडवलं. चाटलं. डोळे मिटले.

…

माश्या परत पेटीत गेल्या होत्या. वरनं एक जांभूळ टपकन पडलं.

“लाव बूच,” तान्हूबाई म्हणाल्या.

ऋत्विजनं पाटी हवेत फेकली. ती झेलायचं राहून गेलं. तशीच उचलून तो धावत परत आला, वही उघडून, पेन काढून.

“पण बाटलीवर चवीचं लिहावं लागतं, आज्जी. लोक वाचून घेतात. काय लिहू? सांगा, तुमच्या शब्दांत लिहितो.”

तान्हूबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग सत्तर वर्षांची ती बाई, कमरेवर हात ठेवून, बुडापर्यंत जीभ बाहेर काढून उभी राहिली. जीभ काळीजांभळी होती.

ऋत्विजनंही काढली. तशीच.

“लिवू नगं,” तान्हूबाई म्हणाल्या. “आरसा चिकटव.”