सगूचे हार आणि उडालेले पोपट

विषय : कु. सगुणा, इयत्ता तिसरी, हिला गणितातली शाब्दिक उदाहरणे न सुटण्याबाबत, व त्या कामी एका परीने केलेल्या साहाय्याबाबत.

संदर्भ : मोगरवाडीची शाळा, शाळेमागची पडीक बाग आणि बागेतले बकुळीचे झाड.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मोगरवाडी नावाच्या गावात सगुणा नावाची एक चिमुकली मुलगी राहत होती. सगळे तिला सगू म्हणत. तिचं परकर-पोलकं इतक्या वेळा ठिगळलेलं होतं, की मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. आई देवळासाठी हार ओवायची. सगू बागेतून बकुळीची फुलं वेचून आणायची. फुलं वेचताना मुंगी आडवी आली तर सगू हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "जा बाई, तुझं काम आधी."

अशा मुलीचं शाळेत सगळं सुरळीत चालावं, असं कोणालाही वाटेल. पण गणिताच्या पुस्तकाला माणसाचा स्वभाव कळत नाही.

साधी बेरीज-वजाबाकी सगूला येत होती. पण बेरजेने शब्दांचे कपडे घातले, की सगू तिला ओळखत नसे. त्यावर पिंगळे गुरुजींनी वर्गाला एक नामी युक्ती शिकवली होती. मुलं ती रोज आरतीसारखी म्हणत: "एकूण दिसलं की बेरीज! कमी किंवा उरले दिसलं की वजाबाकी! प्रत्येकी दिसलं की गुणाकार! आणि काहीच दिसलं नाही तर भागाकार!" ही युक्ती गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी दिली होती. तिने उत्तरं बरोबर येतात की नाही, हे तपासायची मात्र कोणाला सवड झाली नव्हती.

आता दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. ते प्रत्येकाला एक शाब्दिक उदाहरण घालणार, आणि ज्याला येईल तोच चौथीत जाणार. सगूचा मामा तालुक्याला खानावळ चालवायचा. त्याने आईला सांगून ठेवलं होतं, "आक्का, पोरगी वर गेली तर शिकू दे. खाली राहिली तर माझ्याकडे धाड. भांडी घासायला माणूस लागतंच."

मामा वाईट नव्हता. लहानपणी त्यानेही भांडीच घासली होती, आणि जगात याहून वेगळं काही असतं असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सगू बागेत गेली. घराचा पत्रा फार तापायचा, म्हणून तयार हारांची टोपली ओल्या फडक्याने झाकून तिने सोबतच आणली होती आणि बकुळीच्या सावलीत ठेवली होती. आकाश केशरी झालं होतं. गवताची पाती सोनेरी दिसत होती. इतक्यात तिला बारीक, घुंगरासारखा आवाज आला.

"अगं ए, पाहतेस काय नुसती? सोडव ना!"

तेरड्याच्या दोन रोपांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, आणि त्यात एक इवलीशी परी अडकली होती. निळे-जांभळे पंखुले, कण्हेरीच्या कळीएवढा झगा, केसांत दवाचे टिपूस. सगू गुडघ्यावर बसली. तिने गवताच्या काडीने एकेक तंतू अलगद बाजूला केला.

"एकदम ओढ ना! तुटलं तर तुटलं," परी कुरकुरली.

"आणि कोळ्याने काय करायचं? त्यानेही दिवसभर विणलंय ते."

सुटल्यावर परीने पंखुले झटकले, तशी रुपेरी धूळ सगूच्या नाकावर बसली आणि ती शिंकली.

"कोळ्याचाही विचार करणारी पहिलीच भेटलीस," परी म्हणाली. "तुला तीन इच्छा. पण आमच्याकडे नियम असतात. उत्तर मागायचं नाही. आणि हिशेब तुझा, जादू माझी. तू म्हणशील तेवढंच होईल, बरोबर असो की चूक."

सगूने स्वतःसाठी काही मागायच्या आधीच तिला आई आठवली. "आईने आठ हार केलेत. देवळातले काका आले आणि म्हणाले, 'लागतात त्यापेक्षा चार कमी आहेत.' आता सूतही संपलंय. उद्या सकाळी पुरे हार दिले नाहीत, तर ते दुसरीकडून घेतील. देवळाला लागतात तेवढे हार टोपलीत होऊ देत."

"किती लागतात?"

सगूने घाईघाईने मनात आरती म्हटली. कमी दिसलं की वजाबाकी. "आठातून चार गेले, चार! चार लागतात."

"बघ हं," परी म्हणाली आणि तिने छडी फिरवली. गुलाबी चमचम झाली. फडकं आपोआप दूर झालं, आणि सगूच्या डोळ्यांदेखत चार हार सुटले. सुरसुर करत फुलं टोपलीतून उडाली आणि झाडावर आपापल्या देठांशी जाऊन बसली. टोपलीत चार हार राहिले.

सगूचा चेहरा पडला. "हार कमी पडत होते, आणि मी आणखी कमी केले!" ती रडायलाच लागली. "पण गुरुजींनी तसंच शिकवलंय…"

"गुरुजींचा शब्द मोडायला मी सांगत नाही," परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "पण तू गोष्ट ऐकलीसच नाहीस. एक शब्द पकडलास आणि पळालीस. डोळे पूस. आता आकडे विसर. नुसती गोष्ट सांग मला. कुणाकडे कमी आहेत?"

"आईकडे."

"कुणापेक्षा?"

"देवळाला लागतात त्यापेक्षा."

"मग मोठा आकडा कुणाचा?"

सगू थांबली. तिच्या ओल्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "देवळाचा."

"मला सांगू नको. मला दाखव."

सगूने मातीवर बकुळीची फुलं मांडली. एका हाराला एक फूल. आईची रांग झाली आठांची. तिच्या खाली देवळाची रांग. तीही आठांपर्यंत आली आणि सगू तिथे थांबली नाही. पुढे आणखी चार फुलं ठेवली. मग तिने बोट ठेवत ठेवत रांग मोजली.

"बारा!" ती ओरडली. मग लगेच दबकून म्हणाली, "थांब हं, बघते. बारातले आठ झाले की चार कमी पडतात. हो. काका तेच म्हणाले होते. दुसरी इच्छा, टोपलीत बारा हार होऊ देत."

या वेळी चमचम सोनेरी होती. झाडावरची फुलं खिदळत खाली आली आणि चांदण्यासारख्या धाग्यात ओवली गेली. टोपली काठोकाठ भरली आणि सगळी बाग घमघमली.

"तिसरी इच्छा राखून ठेव," परी म्हणाली. "उद्या उदाहरणाचं उत्तर मात्र मागू नकोस, हं. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्यासाठी वर्गात खुर्ची ठेवली होती, तिच्यावर रुमाल अंथरला होता आणि रुमालाखाली खुर्चीची मोडकी बाजू लपवली होती. साहेबांनी एकेकाला उभं केलं. मुलांनी एकेक शब्द पकडला आणि एकेक चुकीचं उत्तर दिलं. सगूची मैत्रीण हौसा हिला काहीच दिसलं नाही, म्हणून तिने भागाकार केला.

मग सगू. "एका झाडावर काही पोपट होते," साहेब म्हणाले. "त्यातले नऊ उडून गेले. सात उरले. आधी किती होते?"

उरले! वर्गातून कुजबुज झाली, "वजाबाकी, वजाबाकी." हौसाने मागून दोन बोटं टोचली. गुरुजींनीही डोळ्यांनीच दोन अशी खूण केली आणि वर मान डोलावली.

सगूला खानावळीतली काळी पातेली दिसायला लागली. उत्तर मागायचं नाही, असा नियम होता. तिने डोळे मिटले आणि झाड पाहिलं. हिरवंगार झाड, त्यावर लाल चोचींचे पोपट.

"साहेब, दोन नाही येणार," ती हळूच म्हणाली.

"का गं?"

"दोन पोपटांतून नऊ कसे उडतील?"

वर्ग हसला. मग एकदम हसायचा थांबला. गुरुजींची मान डोलता डोलता मध्येच अडकली.

"उडालेले परत बोलवू का, साहेब?" सगूने विचारलं. "झाडावर सात बसलेत. नऊ परत आले, की सोळा. आता पुन्हा उडवून बघते. सोळातले नऊ गेले, सात उरले. जमलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं. "हिला कोणी शिकवलं?"

गुरुजी प्रामाणिक होते. "मी नाही, साहेब," ते म्हणाले.

सगू चौथीत गेली. बाकीचा वर्ग होता तिथेच राहिला. संध्याकाळी मामा गाडी घेऊन तिला न्यायला आला. त्याने पोपटांची हकिगत ऐकली, तेव्हा बराच वेळ मिशी कुरवाळली. "मलाबी दोनच वाटलं असतं," तो म्हणाला आणि गाडी रिकामीच घेऊन गेला. आईने सगूला पोटाशी धरलं. देवळातल्या काकांनी हार तर नेलेच, वर यापुढे सणासुदीचे हारही आईनेच द्यावेत असं सांगितलं.

सगू मात्र खट्टू होती. हौसा तिला म्हणाली होती, "बस आता चौथीत एकटी. भिंतीशी गप्पा मार."

ती बागेत गेली. परी दवाच्या थेंबात पाय सोडून बसली होती. "काय हवं? नवा परकर? साखरेची बाहुली?"

सगूने ठिगळांकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "माझा सगळा वर्ग वर येऊ दे. हौसासुद्धा. ती चिडवते, पण भाकरी अर्धी देते."

परी गोंधळली. "हिशेब तुझा, जादू माझी, असा नियम आहे. त्यांचा हिशेब त्यांनीच करायचा. सबंध वर्गाला वर चढवायचा अधिकार मला नाही गं. परीराणीकडे अर्ज करावा लागेल. शिफारस मी करते."

"लवकर होईल?"

"चांगला अर्ज आहे," परी म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं. तिने सगूच्या गालाला इवलासा पापा दिला. निळा, जांभळा, सोनेरी उजेड पसरला, सगळी बाग लखलखली, आणि उजेड ओसरला तेव्हा तेरड्याचं पान नुसतं हलत होतं.

सध्याची परिस्थिती अशी : सगू रोज दुपारी वर्गाला अंगणात बसवते. चिंचोके मांडून मुलं आधी गोष्ट सांगतात, मग आकडे घालतात. हौसा भागाकार करण्याआधी आता "कुणाकडे?" असं विचारते. पिंगळे गुरुजीही मागे येऊन बसतात, चिंचोके स्वतःचे आणतात. साहेब दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. परीराणीकडून अद्याप काही कळलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.