पाट्यावरची टाकी

पाठीच्या एमआरआयच्या फिल्म वाचण्यात हयात घालवलेल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे एकदा एक तरुण शिष्या शिकायला राहिली. तिची नजर तीक्ष्ण होती. मणक्यांमधली गादी जराशी चपटली, काळवंडली, तरी तिच्या दृष्टीतून सुटत नसे. आपल्याला माणसाचे अंतरंगच दिसते, असे तिला वाटू लागले होते.

एके दिवशी तायव्वा नावाची सत्तरीची म्हातारी आली. वाटण वाटून गुळगुळीत झालेल्या दगडी पाट्यांना छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरखरीत करण्यात तिचा जन्म गेला होता. महिन्यापूर्वी ती घसरून पडली, कंबर दुखली आणि दुखायची थांबलीही. तरी मुलाने एमआरआय करून आणला. फिल्म पाहून शिष्या चरकली. खालच्या दोन गाद्या पार सुकल्या होत्या. आजींनी यापुढे वाकू नये, छिन्नी धरू नये, असे तिने सांगून टाकले.

तायव्वाने अंथरूण धरले. आठ दिवसांत तिला कुशीवर वळणेही जमेना.

हे कळताच डॉक्टरांनी तायव्वाला बोलावून घेतले; मुलगा तिला धरून घेऊन आला. पायांतली ताकद, संवेदना, सारे नीट तपासले. मग फिल्म पालथी घातली आणि आपल्या घरचा पाटा व छिन्नी-हातोडा आणवून तिच्यापुढे ठेवला.

"तायव्वा, याला टाकी लावून द्याल का?"

"लावते की. पण ह्या ताईंनी वाकू नगं म्हणून सांगितलंय."

"ते मी बघतो."

शिष्या घाबरून पुढे झाली. डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवले.

म्हातारी भीत भीत बसली. पहिला घाव चाचरत पडला, दुसरा जरा नेटका. हळूहळू हाताला लय सापडली, कंबर वाकली, आणि दगडावर ओळीने टिपके उमटू लागले.

डॉक्टर हलकेच म्हणाले, "फिल्म खोटी नाही, पोरी. गाद्या सुकल्याच आहेत. पण केस पिकतात तशा त्याही वयाने पिकतात, आणि पिकलेली प्रत्येक गादी दुखतेच असं नाही. यंत्रात माणूस निपचित पडून असतो, यंत्राला तेवढंच दिसतं. याच पाठीनं वाकून हिनं गावभरच्या पाट्यांना टाकी लावली. तू फिल्मला विचारलंस, हिला विचारायचं राहिलं."

तायव्वाच्या मागे गुडघे टेकून शिष्येने परवानगी मागितली आणि लुगड्यावरून तिच्या कंबरेवर तळवा ठेवला. घावासरशी आतले स्नायू ताणत होते, सैलावत होते. सबंध पाटा होईपर्यंत तिने हात काढला नाही.