कुंडीबाहेर गेलेला वड

“झाड मेलं का?” बुवांनी विचारलं.

“नाही, तेच तर दुखणं आहे,” त्र्यंबकराव म्हणाले. “वाढलं.”

बुवा सुपारीच्या रोपांना आळी करत होते. हात न थांबवता त्यांनी नुसती मान हलवली.

त्र्यंबकराव धामापूरकर तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं दिवाणी वकिली केलेले गृहस्थ. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्यांनी मांडलेला आकडा वरच्या कोर्टातही सहसा फिरत नसे, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. बुवाही पूर्वी त्याच कोर्टात न्यायाधीश होते. निवृत्त झाल्यावर छाटी नेसून खाडीकाठच्या मठात येऊन राहिले. लोक त्यांना जज्जबुवा म्हणत. त्र्यंबकरावांच्या तोंडून मात्र अजूनही ‘साहेब’च निघे.

या खेपेस दावा त्यांचा स्वतःचा होता. एक वड त्यांनी बावीस वर्षं ताटाएवढ्या कुंडीत वाढवला होता. वीतभर उंचीचा, पण पारंब्यांसकट. तीन वर्षांपूर्वी मुलीकडे नागपूरला जाताना पाणी घालायला म्हणून तो त्यांनी बाबी शिरसाटाकडे ठेवला. बाबी शाळेतला निवृत्त ड्रॉइंग मास्तर, चाळीस वर्षांचा दोस्त. बाबीला त्या झाडाची दया आली. त्याने ते उचललं आणि आपल्या परसात मोकळ्या जमिनीत लावून टाकलं.

त्र्यंबकराव परतले त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आता दावा लावायची मुदत उद्या संपत होती. लावला तर बाबी कायमचा जाणार, न लावला तर हक्क जाणार. पण त्र्यंबकराव सल्ला मागायला आले नव्हते. बुवांनी आकडा तेवढा तपासून द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आकडा होता ऐंशी हजारांचा.

तपासतो, बुवा म्हणाले, पण आधी कोर्ट फी भरा. हजाराला एक कळशी. विहीर खाली, रोपं वर, मध्ये बत्तीस पायऱ्या.

त्र्यंबकराव हसले. बुवा हसले नाहीत. तेव्हा त्र्यंबकरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

सहाव्या कळशीला ते मधल्या पायरीवर टेकले. दुरुस्ती अर्ज चालेल का, असं त्यांनी तिथूनच विचारून घेतलं. चालेल म्हटल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला आणि प्रदर्शनात मिळू शकलं असतं त्या बक्षिसाचे दहा हजार खोडले. झाड प्रदर्शनात कधी ठेवलंच नव्हतं. असलं लांबचं नुकसान मिळत नाही, हे ते आयुष्यभर समोरच्या वकिलाला सुनावत आले होते.

“फी सत्तर कळश्या,” बुवांनी जाहीर केलं.

अकराव्या कळशीला मनस्तापाचे पंधरा हजार गेले. झोप कशी लागते, जेवण कसं जातं, याची बुवांनी उलटतपासणी घेतली. झोप बरी लागते, असं त्र्यंबकरावांना कबूल करावं लागलं. जेवणाबद्दल ते काही बोलणार, तोच बुवा म्हणाले, राहू द्या, रामनवमीच्या पंगतीला तुमच्या समोरच बसलो होतो मी.

मग देखभालीचे तीस हजार. इथे त्र्यंबकराव कळशी खाली ठेवून उभे राहिले.

“बावीस वर्षं, साहेब. रोज सकाळी तासभर. हे मी सोडणार नाही.”

“तो तास कसा जायचा?”

“...फार छान जायचा.”

“मग त्याची मजुरी बाबीने द्यायची?”

त्र्यंबकरावांनी ती ओळ इतक्या जोरात खोडली की कागद फाटला.

राहिले पंचवीस हजार, झाडाची किंमत. सतरा कळश्या वाहून झाल्या होत्या, उरल्या आठच. त्यांना एकदम हुरूप आला. बाजारभावाची किंमत आहे, याला तुम्हीही हात लावू शकत नाही, असं ते घाम पुसत म्हणाले.

बुवांनी खुरपं बाजूला ठेवलं. नुकसान झालं म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्याला भरपाई मिळत नाही. आपल्याला सावरता येईल तेवढं आपणच सावरावं लागतं. हे त्र्यंबकरावांनीच त्यांच्यापुढे शंभरदा मांडलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली.

“झाड परत आणायला गेला होतात?”

“गेलो होतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, फावडं घेऊन. बाबी घरी नव्हता.”

“मग?”

“...फुटवे आले होते. कोवळे, तांबूस.”

बुवांनी हातांची माती झटकली.

“फावडं तसंच घेऊन परत आलो.”

खाडीवरून वारा आला आणि कागद फडफडला. त्र्यंबकरावांनी तो मांडीवर दाबून धरला, शेवटचा आकडाही खोडला. आता कागदावर फक्त दोन नावं उरली होती. वर वादी, खाली प्रतिवादी. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाचा दावा इतका साफ बुडवला नव्हता. त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग ते थांबलं.

“तरी काहीतरी राहतंय, साहेब.”

“किती?”

“आकडा नाही सांगता येत. ...त्याने मला विचारलं नाही. एका शब्दाने विचारायला हवं होतं.”

बुवांनी कागद घेतला, घडी केली आणि त्र्यंबकरावांच्या खिशात नीट सरकवला.

“मुदत उद्यापर्यंत आहे ना?”

“उद्यापर्यंत.”

“मग दावा लावू का, हे बाबीला एकदा विचारून या.”