खंडू कासवावर राज्य

प्राण्यांच्याही नगरपालिका असत, त्या काळची ही गोष्ट. माकडांच्या समितीने मुलांसाठी बाग केली, तीत उंच खांब आणि दोर लावले आणि दारावर पाटी ठोकली: ‘सर्वांसाठी खुली.’

खंडू कासव रोज यायचा. पकडापकडी सुरू झाली की भुऱ्या माकड म्हणायचा, “खंडू लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य नाही.”

“का पण?”

“अरे, तुला कोण पकडणार? बस तिथे, मजा बघ.”

खंडूला एकदा तरी आउट व्हायचं होतं.

मग बागेतला नळ फुटला. नगरपालिकेने नेहमीच्या तत्परतेने तो तीन महिने तसाच ठेवला. खांब निसरडे झाले आणि खेळ खाली चिखलात उतरला. तिथे माकडं धडाधड आपटायची आणि खंडू सुळकन निसटायचा. अखेर एके दिवशी भुऱ्याने त्याची पाठ गाठली.

“खंड्या आउट. तुझ्यावर राज्य.”

“मी टाइमप्लीज म्हटलं होतं.”

“खोटारड्या, कधी?”

“तोंड कवचात होतं. तुला ऐकू आलं नसेल.”

दोघे दिवेलागणीपर्यंत भांडले. घरी गेल्यावर खंडूने आईला छाती फुगवून सांगितलं, “भुऱ्याने माझ्याशी कट्टी घेतली.”