कुर्लीच्या बिळातला पाहुणा

किनाऱ्यावर अजून माणसांची वस्ती नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओहोटी लागली होती आणि कुर्ली, खडकाच्या बिळात राहणारी खेकडी, रोजच्यासारखी खडकावरचं शेवाळ खुडत होती. एवढ्यात चिखलात उड्या मारणारा निवटा मासा धापा टाकत आला.

"आक्का, तुमच्या बारक्याला घारीनं उचललं!"

कुर्लीच्या नांगीतलं शेवाळ गळून पडलं. बारक्या म्हणजे शंखात राहणारा खेकडा. लाटेनं त्याचा शंख फुटला, तेव्हा तिनं त्याला आपल्या बिळात घेतलं होतं. तेव्हापासून ती त्याला जागेवर खाणं आणून देई.

"पण तो उघड्यावर आला कशाला?"

"तुमची वाट बघत होता. मी म्हटलं, आत जा रे, तुझं अंग मऊ आहे. तर म्हणतो, आक्का येईल, आल्याशिवाय कशी राहील?"

कुर्लीला आठवलं. मागे त्यानं विचारलं होतं, "आक्का, मला एखादा शंख मिळेल का कुठे?" तेव्हा तिला रागच आला होता. "माझं बीळ टोचतं का तुला? गप खा." मग तो गप खात राहिला.

ती कशीबशी खडकाला वळसा घालून गेली. पलीकडे वाळूत लहानमोठे रिकामे शंख पडले होते. तिला ते कधीचे ठाऊक होते. बारक्याला तिनं तिथे एकदाही आणलं नव्हतं.