दोघींमधला विस्तव

गप पडा बघू आता. मोने, तिच्या अंगावरचं पांघरूण ओढू नकोस, दोघींना पुरतं ते. कट्टी आहे म्हणे! असू दे. तोंडं भिंतीकडे करा हवं तर, पण कान इकडे ठेवा.

तर काय, एक होती नदी. नदीकाठी होतं एक गाव, करंजदरा. गावात सगळी येशूबाबाची माणसं. मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, वर क्रूस. आणि त्या गावात होत्या दोन बहिणी. थोरली सलोमी, धाकटी रिबका. अशा बहिणी, अशा बहिणी, की एकीला ठसका लागला तर दुसरीनं पाणी प्यावं.

मग झालं काय, त्यांची आई देवाघरी गेली. मागं ठेवलं काय? तर एक पाटा आणि एक वरवंटा. गरिबाघरी आणखी असतं काय! सलोमी म्हणाली, मी थोरली, मला हवा. रिबका म्हणाली, आईचं दुखणं मी काढलं, मला हवा. शब्दानं शब्द वाढला. शेवटी सलोमीनं पाटा उचलला आणि रिबकानं वरवंटा. झालं! आता पाट्यावाचून वरवंटा काय कामाचा? आणि वरवंट्यावाचून पाटा? पण रागाला अक्कल असती तर काय हवं होतं!

सलोमी पाटा डोक्यावर घेऊन तरातरा निघाली. ओढ्यापलीकडे टेकडीवर तिची झोपडी होती. रिबका ओढ्यापर्यंत मागं धावली आणि काठावरून ओरडली, “जा! आजपासून तुझ्यामाझ्यात विस्तव जायचा नाही!” आता भांडण झालं की म्हणतातच लोक असं. पण बरं का, ओढ्यानं ते ऐकलं. ऐकलं आणि जपून ठेवलं.

मग सात वर्षं गेली. रिबकाचं लग्न झालं, तिला एक मुलगी झाली. रोज दिवस कलला की रिबका पोरीला कडेवर घेऊन अंगणात उभी राहायची आणि टेकडीकडे बघायची. झोपडीतून धूर निघाला की पोरीला म्हणायची, “पेटली गं आक्काची चूल.” एखाद्या दिवशी धूर उशिरा निघाला, की हिचा जीव खालीवर. काय करत असेल? पडली-बिडली तर नसेल? जीव तुटायचा हो, पण पाय काही उचलायचा नाही. शेजारी कुणी चटणी वाटायला बसलं, पाट्याची घरघर कानावर आली, की ही उठून आत जायची. सात वर्षांत तिनं चटणीला बोट लावलं नाही. वरवंटा मात्र रोज धुवायची.

आणि मग एका वर्षी नदी अशी चढली, अशी चढली, की काठच उरला नाही. घरांच्या भिंती पाण्यात विरघळल्या. धान्य गेलं, गुरं गेली. माणसं तेवढी वाचली, कारण देवळाचा चौथरा उंच होता. पाळकबाबांनी, म्हणजे देवळातल्या पाद्रीबाबांनी, घंटा वाजवून वाजवून सगळ्यांना आत घेतलं. रिबका पळाली ती एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात वरवंटा घेऊन. नवरा ओरडला, “अगं, पुरात धोंडा काय घेतेस?” ती पळतच राहिली.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. पाऊस मात्र भुरभुरतच होता. आणि गावातल्या सगळ्या चुली विझलेल्या. तेव्हा काड्यापेट्या नव्हत्या हं. आपली चूल विझली की शेजारणीकडून विस्तव आणायचा. आता सगळ्यांचीच विझलेली, तर कुणी कुणाकडे मागायचा? चकमक होती, पण तिचा कापूस भिजलेला. रिबकाची पोर हन्ना तापानं फणफणली होती. अंगावर ओलं कापड, दातांवर दात वाजत होते. एक म्हातारी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “शेक मिळाला नाही तर या पोरीचं काही खरं नाही.”

पाळकबाबा म्हणाले, “रडू नका. ज्याच्याजवळ जे उरलंय ते वेदीपुढं आणा. एकाचं ते सगळ्यांचं.” मग एकीनं पदराच्या गाठीतलं मीठ सोडलं. कुणाच्या माळ्यावर राहिलेली बाजरी आली. कुणी मिरच्या आणल्या. शांतवन सुतारानं आपली करवत आणि लाकूड तासायची वाकस ठेवली. रिबकाजवळ काय होतं? तिनं वरवंटा ठेवला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नुसता वरवंटा! हे कसलं दान, बाई?

दान तर झालं, पण शिजवायचं कशावर? एवढ्यात दारातून रिबका हळूच म्हणाली, “पेटलीय गं आक्काची चूल.” सगळ्यांनी वळून बघितलं. टेकडीवर एवढासा धूर!

काय गं? तिकडेच का नाही गेले सगळे? अगं, पायवाट पुरानं तुटलेली, म्हातारीकोतारी माणसं, आणि तापातली पोर पावसात कुठं न्यायची? विस्तवच खाली आणायला हवा होता.

मग पाळकबाबा गेले. सलोमीनं त्यांच्या खापरात निखारे घातले आणि विचारलं, “खाली सगळी बरी आहेत ना?” बाबा म्हणाले, “रिबकाची पोर गारठलीय.” तिनं आणखी दोन निखारे घातले. बाबा निघाले. ओढ्याच्या मध्यावर आले आणि निखारे काळे पडले. वारा नाही, वर झाकण होतं म्हणून आत पाण्याचा थेंब नाही, आपोआप!

मग शांतवन सुतार गेला. त्यानं धडधडता ओंडकाच खांद्यावर घेतला. ओढ्याच्या मध्यावर आला, फुस्स!

मग रिबकाचा नवरा गेला. त्याला मडक्यात निखारे भरून देता देता सलोमीनं विचारलं, “पोरीचं नाव काय ठेवलंय?” तो म्हणाला, “हन्ना.” सलोमीनं चिमटा खाली ठेवला. “आईचं,” म्हणाली, आणि तिनं आपल्या हातानं निखाऱ्यांवर राख पसरून मडक्याचं तोंड बांधलं. तरीही ओढ्यात मडकं गारठलं ते गारठलंच.

नवऱ्यानं हे सगळं सांगितलं आणि रिबकाला रडू फुटलं. “बाबा, विस्तव असा यायचा नाही. ओढ्याला मीच सांगून ठेवलंय.” आणि तिनं सगळं कबूल केलं. पाळकबाबा म्हणाले, “मग पोरी, दान राहू दे इथंच. प्रभूनं सांगितलंय, आधी जा, रुसलेल्या भावाशी गोडी कर, मग ये.” भावाशी म्हटलंय, पण बहिणींना काही सूट नाही हं!

रिबका निघाली. हात रिकामे. वाटभर एकच घोकत होती, आक्का, विस्तव दे. आक्का, विस्तव दे. दारात पोचली. सलोमी चुलीपाशी होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “काय गं, विस्तव न्यायला आलीस?”

आता विस्तव न्यायला आलेली बाई काही टेकत नाही. उंबऱ्यावरूनच घेते आणि पळते. रिबका तोंड उघडणार, तेवढ्यात तिला भिंतीशी टेकलेला पाटा दिसला. सात वर्षांत त्याला मिरचीचं बी लागलं नव्हतं, पण छिन्नीनं मारलेली टाकी ताजी होती. कालपरवाच लावल्यासारखी.

रिबका म्हणाली, “नाही आक्का. बसायला आलेय.”

पोर तिकडे कुडकुडतेय आणि ही म्हणते बसायला आलेय! पण तेच आलं तोंडातून. सलोमीनं घोंगडं सरकवलं. दोघी बसल्या. आणि मग काय, रडल्या पोटभर.

सलोमी म्हणाली, “दरवर्षी टाकी लावून घेत होते. आलीस एखाद्या दिवशी, तर पाटा बोथट नको.”

रिबका म्हणाली, “मी रोज तुझा धूर बघत होते, आक्का.”

“ठाऊक आहे मला,” सलोमी म्हणाली. “भूक नसली तरी चूल पेटवायचे. म्हटलं, खालून कुणी बघत असेल.”

मग तीच उठली. “चल, ऊठ. हन्ना गारठलीय.” तिनं चुलीतले सगळे निखारे ओढले आणि पाट्यावर रचले. एक टोक हिनं धरलं, एक टोक तिनं. वरून पाऊस, आणि निखारे उघडेच! ओढ्याच्या मध्यावर आल्या आणि निखारे काळवंडायला लागले. रिबका थांबली. ओढ्याला म्हणाली, “चुकले रे बाबा मी. आमच्या दोघींत विस्तव जाऊ दे.”

आणि बरं का, निखारे असे फुलले, असे फुलले, की पाऊस वर पडायचा, चर्र वाजायचा आणि उडून जायचा. दोघींच्या मधोमध विस्तव, आणि दोघी चालताहेत.

देवळात चूल पेटली. हन्नाला शेक मिळाला, पोटात बाजरीची पेज गेली, ताप उतरला. सगळं गाव जेवलं. मग सलोमीनं वेदीपुढचा वरवंटा उचलला, पाट्यावर मीठ-मिरची घेतली आणि रिबकाकडे सरकवली. सात वर्षांनी पाट्याची घरघर झाली. रिबकानं चटणी चाखली. आईच्या हातची चव! जी सात वर्षं गेली ती काही परत आली नाहीत, पण चव आली. मग त्या चुलीतून घरोघरी विस्तव गेला. शांतवनच्या करवतीनं सगळ्यांचे वासे कापले, आज याचं घर, उद्या त्याचं, असं गाव पुन्हा उभं राहिलं.

आणि पाटा-वरवंटा कुणाकडे? तर आठ दिवस वर, आठ दिवस खाली. म्हणजे दर आठ दिवसांनी ओढा ओलांडणं आलंच की! त्या गावात आता दारात आलेल्या बाईला कुणी विचारत नाही, विस्तव न्यायला आलीस का. म्हणतात, बसायला आलीस ना?

चुली त्यांच्या पेटल्या, डोळे तुमचे मिटू देत. कोण कुणाकडे सरकलं गं पांघरुणात? बरं बरं, मी नाही काही बघितलं. झोपा.