पोपसाहेबांची मराठी

खडकबंदरच्या चर्चवरची घंटा मनवेल खोतानं उतरवली आणि आपल्या ओसरीवर टांगली. कशासाठी? तर जेवण तयार झालं की बागेत फिरणाऱ्या खोताला कळावं म्हणून!

पण ती घंटा नुसती प्रार्थनेची नव्हती. समुद्रावर धुकं उतरलं की तिच्याच आवाजाच्या रोखानं कोळ्यांच्या होड्या किनारा गाठायच्या. घंटा गेली आणि पंधरा दिवसांत रेजीनच्या भावाची होडी खडकावर फुटली. एका फळीला धरून पोहत आला म्हणून बिचारा वाचला.

रेजीन खोताकडेच स्वयंपाकाला होती. तिच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाशिवाय खोताच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या दुपारी तिनं ताट वाढलं आणि तिथंच उभी राहिली.

"खोत, घंटा परत द्या. पुढच्या धुक्यात माणूस जाईल."

"पाद्रींनी सांगितलं, दिली नाही. बिशपसाहेबांची चिठ्ठी आली, दिली नाही. आणि तुला देऊ?"

"मग कोणी सांगितलं तर द्याल?"

खोत पुढच्याच आठवड्यात रोमला निघाला होता, पोपसाहेबांच्या जाहीर दर्शनाला. सारा गाव त्याला निरोप द्यायला येऊन गेला होता, त्यामुळे छाती आधीच फुगलेली. तो म्हणाला, "खुद्द पोपसाहेबांनी सांगितलं तर! तेही तुझ्या मराठीत, चारचौघांत, माझं नाव घेऊन!" आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला.

"शब्द?"

"शब्द! पण त्यांच्यापुढे माझ्याविरुद्ध तक्रारीचं एक अक्षर काढायचं नाही. काढलंस तर घंटा कायमची माझी."

"नाही काढणार."

"अगं, पण तू रोमला पोचणार कशी?"

"तुम्हीच नेणार ना! का जहाजावर महिनाभर उकडलेले बटाटे खाणार आहात?"

खोताचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन तिकिटं काढली.

रोमला त्यांना फादर अंतोन भेटले. वसईकडचे तरुण पाद्री, तिथं शिकत होते आणि यात्रेकरूंचे दुभाषे म्हणूनही काम करत. त्यांनी दर्शनाची रीत समजावली. "पोपसाहेब रांगेपुढून चालत येतात. एकेका गावाच्या माणसापाशी थांबतात. तुम्ही तुमच्या गावाची प्रार्थना एका ओळीत, आपल्या भाषेत म्हणायची. ते ती तुमच्यामागून मोठ्यानं म्हणतात आणि सगळा चौक म्हणतो, आमेन!"

"बोलणार मीच," खोतानं बजावलं. "ही फक्त माझी छत्री धरील."

"धरीन की!" रेजीन म्हणाली. त्या दिवशी कालवणही तिनं जरा जास्तच चवदार केलं.

दर्शनाचा दिवस उजाडला. चौकात माणूस मावत नव्हतं. पुढच्या रांगेत खोत काळा कोट घालून घामाघूम उभा, मागं छत्री धरून रेजीन. ती मनातल्या मनात आपली ओळ घोकत होती. एवढ्या लांब येऊन जीभच अडली तर?

पांढऱ्या झग्यातले म्हातारे पोपसाहेब हळूहळू चालत आले. खोतानं गुडघा टेकला आणि महिनाभर पाठ केलेलं लॅटिन भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला तो अडखळला. तिसऱ्याला थांबला. चौथं त्याला आठवेचना!

पोपसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फादर अंतोननी मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, लॅटिन मी रोजच ऐकतो. त्या छत्रीवाल्या बाई काय प्रार्थना करतात?"

रेजीननं छत्री मिटली. हात जोडले. "आमच्या गावची पोरंसोरं झोपताना एकच प्रार्थना म्हणतात, फादर. मनवेल खोता, घंटा परत दे!"

फादर अंतोनना ठसका लागला. पण ते काही बोलायच्या आत पोपसाहेबांनी डोळे मिटले, हात उंचावले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मानुएल कोता, गंटा पारात दे!"

"आमेन!" अख्खा चौक गरजला. मनोऱ्यांवरची कबुतरं उडाली.

खोत ताडकन उठला. "तक्रार केली! अट मोडली!"

"तक्रार कुठं? प्रार्थना केली!"

"त्यांना अर्थ तरी कळला का?"

"अर्थ कळला पाहिजे असं कुठं ठरलं होतं, खोत?"

"आणि ते गंटा म्हणाले! घंटा नाही!"

"मग परत म्हणायला सांगू? की या हजारो माणसांना एकेक करून सांगू, तुमचं आमेन मागं घ्या म्हणून?"

पोपसाहेब गोंधळून एकदा खोताकडे, एकदा रेजीनकडे बघत होते. आपण म्हटलं तरी काय, असं त्यांनी विचारलं. फादर अंतोननी भीत भीत सगळं सांगितलं. धुकं, होडी, ओसरी, जेवण, पैज, काही म्हणता काही लपवलं नाही.

आणि मग पोपसाहेब हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, फादर अंतोनच्या दंडाला धरून हसले. त्यांना पाहून खोतालाही हसू आवरेना. "जिंकलीस, बाई!" तो म्हणाला. "आजच तार करतो. उद्या घंटा मनोऱ्यावर!"

पोपसाहेबांनी आपल्या हातातली जपमाळ रेजीनच्या हातात ठेवली. मग वाकून फादर अंतोनच्या कानात काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, तुमची भाषा गोड आहे. आणखी एखादी प्रार्थना आहे का?"

रेजीननं खोताकडे पाहिलं. खोत घाबरून मान हलवू लागला. ती पोपसाहेबांजवळ सरकली आणि हळूच एक ओळ म्हणाली.

पोपसाहेबांनी पुन्हा हात उंचावले.

"मानुएल कोता, आज जेवण तू कर!"

"आमेन!" चौक गरजला.